आमच्या जीपचे परके दिवे

मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत देवापुढच्या रांगेत उभं राहिलं की बायका काय काय मागतात ते कानावर पडतं. कोणी मूल मागते, कोणी मुलीचं लग्न. कोणी म्हणते, गाभण म्हैस सुखरूप सुटू दे. मी एका वर्षी जीपच्या हेडलाइटसाठी नवस बोलले. मागची बाई हसली. मग मला वाईट वाटू नये म्हणून पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे गो. देवाला काय, सगळं सारखंच."

नवस असा होता: आमच्या गाडीला नीट उजेड दे. पुढच्या जत्रेला कणकेचे दोन दिवे तुपाने भरून तुझ्यापुढे लावीन, आणि तोवर दिवेलागणीनंतर अन्नाला हात लावणार नाही.

त्या दिव्यांचे किस्से इतके झालेत की हळदीकुंकवाला बायका जमल्या की विषय लोणच्याचा असो नाहीतर सुनेचा, शेवटी माझ्या माळ्यावरच्या गोणीवर येतो. गाडीचे काढलेले दिवे त्या गोणीत जायचे. दिव्यामागे दिवा साठत गेला आणि दिव्यामागे गोष्ट. आमची सुवर्णा म्हणते, आई, तू पहिलं वाक्य बोललीस की शेवटचं मी बोलते. आज सगळं ओळीने सांगते, कारण त्यातला शेवटचा किस्सा या पौषात झाला.

आधी माणसं सांगते. आमचे हे शेणवा ते आटगाव स्टेशन शेअर जीप चालवतात. बावीस वर्षं झाली. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. संध्याकाळच्या खेपेला लोकलने परत येणारी माणसं असतात, आणि त्यांत आमची सुवर्णाही असते. ती कल्याणला औषधाच्या दुकानात कामाला आहे. सलीमभाईंचं नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. ते यांच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणून यांना दादा म्हणतात आणि मला वयनी. आणि तिसरी जनाबाई, ठाकरवाडीची. पाटीत रानभाजी, काकड्या, जे दिवस असतील ते घेऊन आटगावला विकायला जाते आणि संध्याकाळच्या खेपेने परतते.

गोष्टीला सुरुवात झाली मागच्याच्या मागच्या दसऱ्याला. हे म्हणाले, गाडीचे दिवे मंद झालेत, सांजवताना रस्ता दिसत नाही. बोलले अगदी सहज, चहा पिता पिता. पण मी हिशेब केला की मागे दहा माणसं बसतात आणि त्यांत आपली पोर असते. त्या दिवसापासून गाडीचा आवाज दारात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

*

गाड्यांच्या कंपन्या मला कळत नाहीत. मी गाड्या रंगावरून ओळखते. तर पहिले दिवे आले एका पांढऱ्या गाडीचे. हायवेला ती ठोकली होती आणि भंगारात गेली होती. सलीमभाई दिवे पिशवीत घालून घेऊन आले. मी हळदकुंकू लावायला गेले आणि हात थांबला. विचारलं, त्या गाडीत कोणी गेलं तर नव्हतं ना?

"नाय वयनी. माणूस उतरून चहा प्यायला गेला होता, तेव्हा मागनं ठोकली. माणूस ठणठणीत हाय. चहा सांडला तेवढा."

मग मी कुंकू लावलं.

आमच्या जीपचे दिवे गोल आणि हे चौकोनी. सलीमभाईंनी पुढचा पत्रा कापला, पट्ट्या ठोकल्या, दिवे बसवले. जीप आमचीच, पण कोणाचे तरी डोळे लावून आल्यासारखी दिसायला लागली. जुने गोल दिवे मी पुसून, जुन्या साडीत गुंडाळून गोणीत ठेवले. टाकवले नाहीत.

त्या संध्याकाळी गाडी अर्धी रिकामी आली. वाटेतल्या फाट्यांवरून रोज चार-पाच सीटा, म्हणजे माणसं, मिळतात, त्या दिवशी एकही नाही. हे म्हणाले, "मला कोणी दिसलंच नाही." मी समजले, कोणी नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरचे एक म्हातारे मास्तर गाडीत चढले ते गप्पच. निम्म्या वाटेत म्हणाले, "काल तासभर तुमचीच वाट बघत होतो, आणि तुमीच समोरून गेलात."

लोक गाडी लांबून दिव्यांवरून ओळखतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. चौकोनी दिव्यांची गाडी आली म्हणून कोणी हात केला नव्हता. पण मास्तर तर अगदी रस्त्याला लागून उभे होते. ते यांना कसे दिसले नाहीत, हे मी विचारलं नाही. आज वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं.

*

चौकोनी दिवेही यांना मंद वाटले. म्हणून दुसरे आले, विटा वाहणाऱ्या एका टेम्पोचे. टेम्पो उंच, जीप बुटकी. हे दिवे लागले की रस्ता काळोखात आणि झाडांचे शेंडे लख्ख. मागून एक जण म्हणाला, दादा, वानरं झोपलीत, त्यांना कशाला उठवता.

सलीमभाई म्हणाले, फोकस खाली बसवावा लागेल. त्यासाठी भिंत पाहिजे आणि भिंतीवर खुणा पाहिजेत. आमच्या गोठ्याची भिंत ठरली. मला म्हणाले, वयनी, दोन गोल काढून द्या, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. मी गेरू घेतला आणि दोन गोल काढले. आता गोल काढला की तो रिकामा सोडायचा कसा? हाताला सवय नाही. मध्ये कुंकवाचं बोट टेकवलं.

सकाळी बघते तर दोन्ही गोलांखाली एकेक जास्वंद. शेजारच्या काकू हात जोडून उभ्या. मला म्हणाल्या, "कुठलं व्रत धरलंस गो? मला सांगितलंस पण नाय."

मी म्हटलं, काकू, गाडीचं आहे.

"असू दे. किती सोमवार?"

काय सांगणार? म्हटलं, दिवे जुळेपर्यंत. काकूंनी सोमवार धरले. दिवे काही जुळले नाहीत, पण काकूंचा दुखरा गुडघा बरा झाला. अजून त्या गोठ्याच्या भिंतीपुढून जाताना चप्पल काढतात.

*

त्या वर्षीच्या पौषात मी म्हशाला तो नवस बोलले. घरी येऊन यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, "हेडलाइटसाठी उपास? देव काय वायरमन हाय?"

 पण नवस म्हटला की नवस. यांची शेवटची खेप येते तेव्हा दिवेलागण होऊन जाते. म्हणजे बावीस वर्षं रात्रीचं जेवण दोघांनी एकत्र घेतलेलं, ते बंद झालं. मी ताट वाढून समोर बसायची, हे जेवायचे.

चौथ्या का पाचव्या दिवशी, ऊन अजून भिंतीवर होतं, दारात हॉर्न वाजला. हे संध्याकाळच्या खेपेला निघाले होते. गाडी चालूच, उतरले नाहीत. खिडकीतून दोन केळी पुढे केली. मी म्हटलं, नंतर खाते. हे जागचे हलेनात. मागे सीटा बसलेल्या, सगळे बघताहेत. मी एक केळं सोललं, घास घेतला, तेव्हा गाडी पुढे गेली.

पुढे वर्षभर हे असंच चाललं. कधी केळी, कधी भाकरीचा तुकडा माझ्याच हातचा, तोच मला परत. सीटांनाही सवय झाली. कोणी नवीन माणूस म्हणाला की उशीर होतोय, की बाकीचे सांगायचे, थांब, वयनीचा घास होऊ दे.

*

चैत्रात तिसरे दिवे आले. शहरातल्या नव्या गाडीचे, दुधासारखे पांढरे. त्यांच्या वायरी आमच्या जीपला ओळखत नव्हत्या. सलीमभाईंनी दोन दिवस घाम गाळला. दिवे लागले, पण दिव्यांबरोबर वायपरही चालू व्हायचे. दिवे बंद केले की वायपर बंद.

चैत्राचं कोरडं आभाळ, रस्त्यावर धुरळा, आणि आमची जीप काच पुसत चाललेली. समोरून येणारे लोक मान वर करून आभाळाकडे बघायचे. जनाबाई तिच्या पाटीवर हात ठेवून शांतपणे म्हणाली, "पाऊस पुढच्या गावात हाय वाटतं."

चार दिवसांनी वायपर थांबले. यांना थोडं बरं दिसायला लागलं, असं हे म्हणाले. मला वाटलं, देवाने ऐकलं. मी कणकेच्या दिव्यांसाठी तूप साठवायला घेतलं.

*

यापुढचा किस्सा मी हळदीकुंकवाला सांगत नाही. पण आज ओळीने सांगायचं म्हटलंय, म्हणून सांगते.

वैशाखात एका संध्याकाळी हे किन्हवलीच्या सीटा पोचवायला पुढे गेले होते, तेव्हा किन्हवलीच्या अलीकडे समोरून एक मोटरसायकल येत होती. दुधाच्या दोन किटल्या लावलेला मुलगा, पंचविशीचा. आमच्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड त्याच्या डोळ्यांत गेला. त्याला रस्त्याची कड दिसली नाही. तो किटल्यांसकट शेतात गेला.

यांनी गाडी थांबवली. सगळ्यांनी उतरून त्याला उचललं, जीपमध्ये घातलं आणि शहापूरला दवाखान्यात नेलं. हात मोडला होता. जीव वाचला, देवाची कृपा.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. मी डब्यात नाचणीचे लाडू नेले होते. त्याच्या आईने पाणी दिलं, मला कुंकू लावलं. एक शब्द वाकडा बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "तुमच्या मालकाला दिसायला पायजे म्हणून माझ्या पोराला दिसू नये का, ताई?"

तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. हे अंगणात उभे होते, त्यांनी ऐकलं होतं.

घरी आल्यावर यांनी दिव्यांच्या वरच्या अर्ध्या काचेवर काळी पट्टी चिकटवली. त्यानंतर समोरून कोणी आलं, सायकल का असेना, की हे गाडी कडेला घ्यायचे, दिवे बारीक करायचे आणि ते वाहन जाईपर्यंत थांबायचे. वीस मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागायचा. सीटा कुरकुरल्या. हे म्हणाले, ज्याला घाई आहे त्याने दुसरी गाडी बघावी. कोणी उतरलं नाही.

*

ज्येष्ठात आरटीओत गाडीचं पासिंग आलं. दुसऱ्या गाडीचे दिवे लावलेले तिथे चालत नाहीत, हे सलीमभाईंना ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यांनी गोणी उतरवली, माझ्या साडीतले जुने गोल दिवे काढले, कापलेल्या पत्र्याला आतून पट्टी मारून ते परत बसवले.

साहेबांनी गाडी तपासली, दिवे लावून बघितले. म्हणाले, दिवे उत्तम आहेत, असेच ठेवा.

दिव्यांची तपासणी झाली ती भर दुपारी, आणि आम्ही तिघं घरी आलो तेही उन्हातच. कागद मिळाला. आणि संध्याकाळच्या खेपेआधी आम्ही ते उत्तम दिवे काढून गोणीत ठेवले आणि काळ्या पट्टीवाले पांढरे परत लावले. सलीमभाई, हे आणि मी, तिघंही तिथे होतो. साहेबांचं वाक्य तिघांनीही ऐकलं होतं. जुने दिवे मंद आहेत हे आमच्या मनात एवढं पक्कं बसलं होतं की ते तपासायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

मला वाटलं, आपण साहेबांना फसवलं. म्हणून मी त्या दिवशी कडक उपास केला. फसवलं होतं आम्ही स्वतःला, पण त्याचा उपास करायला मला अजून चार महिने लागायचे होते.

*

आता जनाबाईच्या सीटचा किस्सा.

पावसाळ्यात जनाबाईने एक नवीनच खोड धरली. पुढची सीट, ड्रायव्हरच्या शेजारची, तीच पाहिजे. त्या जागेवर आधीच कोणी बसलेलं असलं तर ती पाटी घेऊन खाली उभी राहायची. म्हणायची, मी पुढच्या खेपेला येते. पण मागे बसायची नाही. एकदा एका पोलिसपाटलांना तिने उठवलं. ते रागावले. ही म्हणाली, मला मागं मळमळतं. बावीस वर्षं मागे बसून आलेली बाई.

बरं, पुढे बसून गप्प बसेल तर तसंही नाही. सगळी वाट बडबड. "बैल हाय बाजूला, कुणाचा सुटलाय कोण जाणे." "या खड्ड्यात आता मासे सोडायला पायजेत." "ही म्हातारी बघा, ऐन रस्त्यात चालते." सुवर्णा घरी येऊन नक्कल करायची आणि आम्ही हसायचो. हे मात्र हसायचे नाहीत. मला वाटायचं, तिच्या बोलण्याला कंटाळलेत.

आश्विनात, नवरात्राच्या आधी, एका संध्याकाळी मीही त्या गाडीत होते. आटगावहून पूजेचं सामान घेऊन येत होते. अगदी जनाबाईच्या मागे बसले होते. अंधार पुरता पडला नव्हता, नुसतं सांजावलं होतं. जनाबाई म्हणाली, "डावीकडं गुरं हायत." आणि यांचे हात वळले. ती म्हणाली, "पोरं येतात सायकलवर." आणि यांनी ब्रेक दाबला.

ती आधी बोलायची आणि हे नंतर वळायचे. माझ्या हातातलं सामान मी घट्ट धरलं. दारात गाडी थांबेपर्यंत मी नुसता नामजप करत होते.

*

त्या संध्याकाळी जनाबाई आमच्या दारातच उतरली. बाकीच्या सीटा आधीच उतरल्या होत्या. तिने पाटी खाली ठेवली आणि सुवर्णाच्या कानात काहीतरी सांगितलं. सुवर्णा गेली. मग ती यांना म्हणाली, "दादा, जरा हितं उभं राहा."

हे उभे राहिले. आमच्या अंगणातून वीसएक पावलांवर चिंच आहे.

"चिंचेखाली काय दिसतंय?"

हे म्हणाले, "चिंचेखाली काय असणार? खोड."

चिंचेखाली सुवर्णा उभी होती. हात वर करून.

 सुवर्णाचा हात तसाच वर होता, तो खाली कसा घ्यायचा हेच तिला कळेना. मी यांच्याकडे बघितलं. यांना माझ्या चेहऱ्यावरून समजलं, की तिथे कोणीतरी आहे.

जनाबाई पाटी उचलत म्हणाली, तिची सासू खेकडे धरायला निघालेल्या माणसाला असंच दारात थांबवायची. झाडाखाली काहीतरी ठेवायची आणि विचारायची. ज्याला सांगता येत नसे त्याला नदीवर सोडायची नाही. "मी पावसापासनं बघते दादा. पण माणसाला लोकांत कसं विचारायचं? म्हणून पुढं बसत होते."

हे ओट्यावर बसले. म्हणाले, "मला वाटायचं, दिवा मोठा केला की दिसेल."

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की मी वर्षभर देवाकडे चुकीच्या ठिकाणचा उजेड मागत होते.

*

गाडीची किल्ली यांनी स्वतः सलीमभाईंच्या हातात दिली. म्हणाले, सकाळच्या खेपा बंद, संध्याकाळच्या तू मार. सलीमभाईंनी विचारलं नाही, दुकानाचं काय. संध्याकाळी पाचला शटर ओढायचे आणि गाडीवर यायचे. माझा घास होईपर्यंत तेही दारात थांबायचे. नवस अजून चालू होता ना.

यांना एकच भीती होती. डोळ्यांचं काही मोठं निघालं तर परत स्टिअरिंग हातात येईल का? बावीस वर्षं तेच केलेला माणूस. सकाळी उठून उभ्या गाडीची काच पुसत बसायचे. मी गोठ्याच्या भिंतीवरच्या गेरूच्या गोलांपुढे उदबत्ती लावायला लागले. काकू म्हणाल्या, मी सांगत होते ना, जागृत आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू, दोन्हीकडे, बराच वाढलेला. ऑपरेशन केलं की दिसेल, म्हणाल्या, घाबरू नका. मग जरा रागावूनच विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

हे म्हणाले, "दिवे बदलत होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना वाटलं, हे घरातल्या दिव्यांबद्दल बोलताहेत. म्हणाल्या, हो, बरेच जण तसंच करतात, आधी ट्यूबलाइट बदलतात. मग मी जीपचं सांगितलं. चौकोनी, टेम्पोचे, पांढरे. त्या आधी हसल्या. दूधवाल्याचं सांगितलं तेव्हा थांबल्या. आणि ऑपरेशनची तारीख लवकरची दिली.

*

कार्तिकात एक डोळा झाला, मार्गशीर्षात दुसरा. काळा चष्मा लावून हे ओट्यावर बसायचे. पहिल्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मला म्हणाले, तुझे केस एवढे कधी पिकले? मी म्हटलं, दिवे बदलत होतात तेव्हा.

पौषात डॉक्टरीणबाईंनी डोळे पुन्हा तपासले आणि सांगितलं, आता अंधार पडल्यावरही चालवायला हरकत नाही, पहिल्या दिवशी शेजारी कोणाला तरी बसवा. तोवर जत्रा आलीच होती. माझा नवस फेडायचा होता.

आम्ही दुपारी निघालो. हे, मी, सुवर्णा, जनाबाई आणि सलीमभाई. जाताना सलीमभाईंनीच चालवली. निघण्याआधी त्यांना मी माळ्यावरून काहीतरी उतरवताना पाहिलं. मागच्या सीटखाली ते सरकवलं. मी विचारलं नाही.

म्हशाला पोचलो. सलीमभाई म्हणाले, तुम्ही दर्शन करून या, मी गाडीपाशी थांबतो, गर्दी आहे. रांगेत दीड तास गेला. मी कणकेचे दोन दिवे देवापुढे ठेवले, तूप घातलं, वाती पेटवल्या. हे माझ्या शेजारी उभे होते. नवीन चष्म्यातून त्या दोन ज्योतींकडे बघत राहिले. पुजाऱ्याने पुढे व्हा म्हटलं तरी हलेनात.

जनाबाईने घोंगड्यांच्या दुकानात तासभर घासाघीस केली आणि एकही घोंगडी न घेता ती समाधानाने परत आली. सुवर्णाने जिलेबी घेतली. परत गाडीपाशी आलो तेव्हा सांज झाली होती. माणसांची एवढी रेटारेटी, गाड्या एकमेकींना चिकटून लावलेल्या. आम्ही मागच्या बाजूनेच कसेबसे आत शिरलो. हे स्टिअरिंगवर बसले. सलीमभाई शेजारी.

यांनी दिवे लावले. गाडी हळूहळू जत्रेतून बाहेर काढली. मुरबाड मागे पडलं. सरळगाव मागे पडलं. अंधार झाला होता. रस्त्याच्या कडेने एक म्हातारा काठी टेकत चालला होता. यांनी त्याला लांबूनच पाहिलं आणि गाडी अलगद बाजूला घेतली. पुढे एक सायकल आली. यांनी डिप्पर दिला. कोणी काही सांगितलं नव्हतं.

सुवर्णाने जिलेबीचा पुडा उघडला. यांनी मागे न बघता हात केला, एक तुकडा घेतला, तसाच माझ्याकडे धरला. "आता खा," म्हणाले. वर्षभराने दिवेलागणीनंतर मी तोंडात घास घेतला.

किन्हवलीच्या अलीकडे, तो दूधवाला पडला होता ती जागा येते. तिथे यांनी गाडी सावकाश केली. शेतापर्यंतचा सगळा रस्ता, कड, कडेचं गवत, सगळं पिवळसर उजेडात दिसत होतं.

"सलीम, हे कुठल्या गाडीचे रे? असा उजेड आजवर एकानेही दिला नाही."

सलीमभाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "हिचेच, दादा. गोणीतले."

मागच्या सीटवर जनाबाई पाटीवर डोकं टेकून गाढ झोपली होती.

तुमच्याही घरी कोणी गाडी चालवत असेल, तर नवस बोलायचा तो बोलाच, मी अडवणार नाही. पण त्याआधी एकदा सांजवताना त्याला अंगणात उभं करा, जरा लांब झाडाखाली आपलंच माणूस ठेवा आणि विचारा, झाडाखाली काय दिसतंय.